निऑन की आर्गॉन? : आयन-उद्गमाच्या विद्युत् दाबाची जुळवणी

हवेच्या दहा लाख भागांत निऑन वायूचे सुमारे १८ भाग असतात, आणि आर्गॉनचे सुमारे ९,३००. म्हणजे निऑनच्या एका अणूमागे आर्गॉनचे पाचशेहून अधिक अणू हवेत वावरत असतात. दोन्ही वायू निष्क्रिय. रंग नाही, गंध नाही, कोणाशी संयोग पावण्याची सहसा प्रवृत्ती नाही. असे असूनही निऑनचा अभ्यास करणाऱ्या संशोधकाला आर्गॉनची सतत धास्ती बाळगावी लागते. निऑनच्या अणूंचे वजन करावयास बसावे आणि आर्गॉनने गुपचूप त्याच पारड्यात पाय ठेवावा, असा प्रकार प्रयोगशाळेत वरचेवर घडतो. तो टाळण्याचे जे उपाय आहेत त्यांपैकी एक उपाय उपकरणाच्या वीजपुरवठ्यावरील एका लहानशा बटणात सामावलेला आहे. परंतु ते बटण एकटे नसते. त्याच्या शेजारी आणखी पाचसहा बटणे असतात, आणि एक फिरविले की इतरांची जुळवणी बिघडते. म्हणून त्या सर्वांचे कार्य समजून घेणे इष्ट होय.

अणूचे वजन करावयाचे ते कसे? एकटा अणू पकडून तागडीत घालता येत नाही. म्हणून त्याला प्रथम विद्युत् भार द्यावयाचा, विजेच्या दाबाने त्याला वेग द्यावयाचा, आणि चुंबकाच्या क्षेत्रातून जाताना त्याची वाट किती वळते हे पाहावयाचे, अशी युक्ती योजतात. विद्युत् भार प्राप्त झालेल्या अणूला किंवा रेणूला आयन म्हणतात. हलका आयन अधिक वळतो, जड आयन कमी वळतो. आणि वळणाच्या शेवटी ठेवलेल्या अरुंद फटीतून एका वेळी एकाच जातीचे आयन संग्राहकावर जाऊन पोचतात. ह्या उपकरणाला द्रव्यमान वर्णपटमापक असे नाव आहे, आणि त्याच्या ज्या भागात आयन तयार होतात त्याला आयन-उद्गम म्हणतात.

ह्या युक्तीत एक मेख आहे. चुंबकीय क्षेत्राला आयनाचे नुसते वस्तुमान दिसत नाही. वस्तुमानाला विद्युत् भाराने भागल्यावर येणारी संख्या तेवढी त्याला कळते. ४० वस्तुमानाच्या आर्गॉन अणूतून एक इलेक्ट्रॉन निघून गेला तर तो ४० च्या जागी नोंदला जातो. दोन निघून गेले तर तोच अणू २० च्या जागी जाऊन बसतो. आणि २० ही तर निऑनच्या सर्वांत विपुल समस्थानिकाची जागा.

ह्या घोटाळ्याचे परिणाम दूरवर पोचतात. हवेतील निऑनमध्ये २० आणि २२ वस्तुमानांच्या अणूंचे परस्पर प्रमाण ९.८ आहे. १९६९ ते १९७२ ह्या काळातील अपोलो मोहिमांत अंतराळवीरांनी चंद्रावर धातूचे पातळ पत्रे सूर्याकडे तोंड करून उभे केले होते. त्यांत रुतून बसलेल्या सौर वाऱ्यातील निऑन पुढे प्रयोगशाळांत मोजला गेला, तेव्हा हेच प्रमाण सुमारे १३.७ भरले. आता समुद्रतळावरील एखाद्या ज्वालामुखीजन्य खडकातून काढलेल्या निऑनमध्ये हे प्रमाण ९.८ च्या वर आले, तर पृथ्वीच्या पोटात तिच्या जन्मकाळचा, सूर्याशी नाते सांगणारा वायू अद्याप शिल्लक आहे, असा अर्थ लावता येतो. परंतु २० च्या जागेत आर्गॉनची अल्पशी भेसळ झाली तरीही प्रमाण वरच चढणार! सूर्याचा ठसा आणि आर्गॉनची लबाडी ही दोन्ही आकड्यांत सारखीच दिसतात. आपल्या देशात अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत उल्कांमधील निष्क्रिय वायूंचे मापन दीर्घकाळ चालत आले आहे. तेथे किंवा जगाच्या पाठीवर कोठेही असे मापन करणाऱ्याला ह्या भेसळीचा बंदोबस्त आधी करावा लागतो.

ही शंका आजची नव्हे. केंब्रिज येथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. टॉमसन हे धन किरणांचा अभ्यास करीत असता १९१२ साली निऑनच्या छायाचित्रणपट्टीवर २० च्या रेषेशेजारी २२ ची एक फिकट रेषा त्यांना दिसली. निऑनचे अणू दोन प्रकारचे असावेत, हा विचार त्या काळी धाडसाचा होता. टॉमसन यांनी घाई केली नाही. कार्बन डाय-ऑक्साइडच्या रेणूचे वस्तुमान ४४. त्याच्यावर दुहेरी भार आला तर तो नेमका २२ वर पडेल, हे त्यांच्या ध्यानात होते. म्हणून त्यांनी तो वायू द्रवरूप हवेत बुडविलेल्या नळीतून सावकाश जाऊ दिला. कार्बन डाय-ऑक्साइड नळीतच गोठून राहिला, तरी २२ ची रेषा जराही मंदावली नाही. पुढे त्यांचे सहकारी ॲस्टन यांनी १९१९ साली अधिक सूक्ष्म उपकरण बांधून निऑनच्या समस्थानिकांविषयी उरलेला संशय दूर केला, आणि १९२२ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

टॉमसन यांच्यापाशी शंका फेडण्यास द्रवरूप हवेची नळी होती. विजेचे बटण मात्र नव्हते. त्यांच्या उपकरणात आयन तयार होत ते विरळ वायूतून हजारो व्होल्टची वीज सोडल्यामुळे. त्या धुमश्चक्रीत कोणता अणू कोठे आणि किती जोराने फुटला, यावर कोणाचाच ताबा नसे. शिकागो विद्यापीठातील डेम्स्टर यांनी १९१८ साली इलेक्ट्रॉनांचा मारा करून आयन मिळविण्याची रीत अवलंबिली. १९२९ मध्ये ब्लीकनी यांनी, आणि पुढे मिनेसोटा विद्यापीठातील आल्फ्रेड नीर यांनी १९४० च्या दशकात, त्या उद्गमाला जे रूप दिले तेच थोड्याफार फरकाने आजही प्रचारात आहे. ह्या रीतीत माऱ्याचा जोर मोजून मापून ठरविता येतो, आणि हेच तिचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य होय.

पेटी, तंतू आणि पट्ट्या

नीर पद्धतीच्या उद्गमाच्या मध्यभागी धातूची एक छोटी पेटी असते. तिच्या एका बाजूस टंगस्टनचा तंतू असतो. त्यातून काही अँपिअर प्रवाह सोडला की तो २,००० अंश सेल्सिअसच्या वर तापतो आणि इलेक्ट्रॉन बाहेर टाकू लागतो. पेटीपेक्षा तंतूचा दाब ७० व्होल्टनी ऋण ठेवला, तर इलेक्ट्रॉन पेटीकडे ओढले जातात आणि ७० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा घेऊन तिच्या भोकातून आत शिरतात. समोरच्या बाजूला त्यांना झेलणारी पट्टी असते. तिला सापळा म्हणतात. दोन लहान चुंबक बाहेरून इलेक्ट्रॉनांची वाट सरळ राखतात. वाटेत सापडलेल्या वायूच्या अणूला इलेक्ट्रॉनाचा धक्का बसला की त्याचा एखादा इलेक्ट्रॉन उडून जातो आणि धन आयन तयार होतो.

हा आयन पेटीतून बाहेर काढण्याचे काम दोन दाब मिळून करतात. पेटीच्या मागच्या भिंतीशी असलेल्या प्रतिसारक पट्टीला पेटीच्या मानाने थोडे व्होल्ट देतात. ती आयनाला पुढे ढकलते. पुढच्या फटीबाहेर दोन अर्धपट्ट्या असतात, त्यांचा दाब पेटीहून कमी असतो. त्या आयनाला ओढून घेतात, आणि दोहोंत थोडा फरक ठेवला तर शलाकेला डावीउजवीकडे वळवितातही. शेवटी जमिनीशी जोडलेली फट येते. पेटी मात्र जमिनीच्या मानाने हजारो व्होल्ट धन असते. येथे विवेचनासाठी ४,५०० व्होल्ट धरू. ह्या प्रवेगक दाबाची घसरण उतरून आर्गॉनचा एकभारी आयन फटीतून बाहेर पडतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे १४७ किलोमीटर झालेला असतो.

आता बटणांकडे वळू. त्यांचे हुद्दे सारखे नाहीत. प्रवेगक दाब हा सर्वांचा राजा. तो एकदा ठरला की त्याने हलता कामा नये. आयनाच्या वाटेची वक्रता वस्तुमान आणि दाब यांच्या गुणाकारावर अवलंबून असल्याने दाबात शेकडा जितका फरक पडेल तितकाच शेकडा फरक वस्तुमानात पडल्यासारखा दिसतो. निऑन-२० चे वस्तुमान १९.९९२ आणि द्विभारी आर्गॉनची जागा १९.९८१, दोहोंतील अंतर सुमारे ०.०११, म्हणजे १,८०० भागांत एक भाग. ४,५०० व्होल्टमध्ये हे अंतर अडीच व्होल्टांत संपते! मीटरच्या काट्याच्या जाडीत लपून जाईल एवढ्या चढउताराने निऑनच्या जागी आर्गॉन येऊन उभा राहू शकतो. म्हणून ह्या पुरवठ्याचे स्थैर्य दहा हजारांत एक भाग किंवा त्याहून चांगले राखावे लागते, आणि उपकरण चालू केल्यावर ते तापून स्थिर होईपर्यंत वाट पाहावी लागते. नवशिक्यांना ही वाट पाहणे फुकट वाटते. ते तसे नाही.

प्रतिसारक पट्टीचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. तिच्यावरील एक-दोन व्होल्टांनी आयनांची संख्या पुष्कळ बदलते, आणि तिचा मोह येथूनच सुरू होतो. संग्राहकाच्या मीटरकडे पाहत बटण फिरवीत गेले, तर एका जागी प्रवाह सर्वाधिक होतो आणि तेथेच थांबावेसे वाटते. परंतु जोराने ढकलण्यासाठी पेटीत जे क्षेत्र निर्माण करावे लागते त्यामुळे पेटीच्या मागच्या भागात जन्मलेल्या आयनाला पुढच्या भागातील आयनापेक्षा थोडी जास्त ऊर्जा मिळते. सर्व आयन एकाच वेगाने न निघाल्यामुळे रेषा पसरते, आणि शेजारशेजारच्या दोन रेषा एकमेकींत मिसळतात. प्रवाह वाढला, पण ओळख पुसट झाली. शिवाय त्याच क्षेत्रामुळे पेटीतून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जाही थोडी ढळते. म्हणून जाणता प्रयोगकर्ता प्रवाहाबरोबरच रेषेचा आकार पाहतो. रेषेचा माथा सपाट आहे ना आणि तिच्या दोन्ही कडा सारख्या उभ्या आहेत ना, हे पाहून मगच तो बटण सोडतो. त्यासाठी पाचदहा टक्के प्रवाह गमवावा लागला तरी तो सौदा फायद्याचाच असतो.

अर्धपट्ट्यांचे काम जोडीने करावयाचे असते. एक वाढविली की दुसरी थोडी कमी करावी लागते, आणि मग पुन्हा पहिलीकडे परतावे लागते. तबला आणि तंबोरा एकमेकांशी मिळविताना जसे पुनःपुन्हा मागे यावे लागते तसेच हे होय. एका फेरीत जुळवणी पुरी होत नाही. येथे एक व्यावहारिक खूण सांगण्याजोगी आहे. बटण दोन्ही बाजूंना किंचित हलवून पाहावे. ज्या जागी दोन्हीकडे प्रवाह अगदी थोडासा उतरतो ती जागा उताराच्या मध्यावरील जागेपेक्षा नेहमीच चांगली, कारण पुरवठ्यात पुढे थोडी गडबड झाली तरी तेथे मापनाला धक्का बसत नाही.

सत्तर व्होल्ट आणि चाळीस व्होल्ट

इलेक्ट्रॉनांना ७० व्होल्टच का द्यावयाचे? इलेक्ट्रॉनांची ऊर्जा वाढवीत नेली तर आयनांची पैदास एका विशिष्ट उंबरठ्यापाशी सुरू होते, झपाट्याने वाढते, आणि बहुतेक वायूंच्या बाबतीत ५० ते १०० व्होल्टच्या आसपास तिचा माथा पसरट होतो. ७० हा आकडा त्या पठारावरचा आहे. तेथे एखादा व्होल्ट इकडेतिकडे झाला तरी फारसे बिघडत नाही, आणि निरनिराळ्या प्रयोगशाळांनी एकच आकडा पाळला म्हणजे त्यांची मापने परस्परांशी ताडून पाहता येतात.

परंतु प्रत्येक प्रकारच्या आयनाचा उंबरठा वेगळा असतो, आणि निऑनच्या प्रश्नाची किल्ली त्यातच आहे. निऑनमधून एक इलेक्ट्रॉन काढण्यास २१.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. आर्गॉनमधून पहिला इलेक्ट्रॉन १५.८ मध्येच निघतो. पण दोन काढावयाचे तर ४३.४ लागतात. ७० व्होल्टवर आर्गॉनचे द्विभारी आयन एकभारी आयनांच्या शेकडा १० ते १५ इतके भरतात. हवा जशीच्या तशी उपकरणात सोडली तर २० च्या जागी निऑनच्या पन्नासपटींहून अधिक आर्गॉन हजर होईल! तोच माऱ्याचा दाब ४० व्होल्टवर उतरविला, तर आर्गॉनला दुहेरी भार देण्याचे सामर्थ्य इलेक्ट्रॉनांत उरत नाही; निऑनला एकेरी भार देण्याचे मात्र उरते. अशा रीतीने एका बटणाने भेसळ मुळातच बंद होते.

ही सोय फुकट मिळत नाही. ४० व्होल्टवर निऑनचे आयनही ७० व्होल्टच्या मानाने निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी तयार होतात. आणि खडकातून निघालेला निऑन आधीच इतका थोडा असतो की त्यातले निम्मे सोडून देणे जिवावर येते. शिवाय येथे आपण पठार सोडून चढणीवर आलेले असतो. एका व्होल्टच्या चुकीची किंमत आता मोठी पडते. तिसरी अडचण तंतूची. दाब कमी झाला की इलेक्ट्रॉनांची ओढ मंदावते आणि सापळ्यावरील प्रवाह उतरतो. हा प्रवाह स्थिर राखणारी स्वयंचलित योजना पुरवठ्यात असते. ती बिचारी प्रवाह भरून काढण्यासाठी तंतू अधिकाधिक तापवू लागते. प्रयोगकर्त्याचे लक्ष नसेल तर तंतू जळून तुटतो, निर्वात मोडून नवा बसवावा लागतो आणि कित्येक दिवसांचे काम वाया जाते. ह्यासाठी दाब उतरविण्यापूर्वी सापळ्याच्या प्रवाहाचे उद्दिष्ट कमी करणे, हाच शहाणपणाचा क्रम.

आणखी एक गोष्ट. मीटरवरचा ४० हा आकडा म्हणजे इलेक्ट्रॉनांची खरी ऊर्जा नव्हे. तापलेल्या तंतूतून बाहेर पडतानाच इलेक्ट्रॉनांत थोडी कमीअधिक ऊर्जा असते. तंतूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच दाबात फरक असतो. दोन निरनिराळ्या धातूंच्या स्पर्शाने उत्पन्न होणारा दाबही त्यात मिसळतो. म्हणून मीटरवर विश्वास टाकण्यापेक्षा आर्गॉनलाच साक्षीला बोलावणे बरे. निऑनरहित शुद्ध आर्गॉन आत सोडावा, २० च्या जागी संग्राहक स्थिर करावा आणि माऱ्याचा दाब अर्ध्या-अर्ध्या व्होल्टने खाली आणीत प्रवाह लिहून घ्यावा. ज्या आकड्याशी तो प्रवाह नाहीसा होतो तो आकडा त्या दिवशीच्या, त्या तंतूच्या दृष्टीने ४३.४ चा खरा उंबरठा होय. तंतू बदलला की ही परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

कार्बन डाय-ऑक्साइडच्या बाबतीत मात्र बटण अपुरे पडते. त्याच्या रेणूला दुहेरी भार येण्याचा उंबरठा सुमारे ३७ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, म्हणजे ४० च्या खालीच आहे. आणि त्याच्याही खाली उतरावे तर निऑनच हाती लागत नाही. येथे टॉमसन यांचाच उपाय कामी येतो: द्रवरूप नायट्रोजनने थंड केलेल्या नळीत तो वायू गोठवून टाकावयाचा. आर्गॉनचाही पुष्कळ भाग त्याच थंडीत कोळशावर शोषून घेतला जातो आणि निऑन तेवढा मोकळा राहतो. बहुसंख्य प्रयोगशाळांत थंडीची नळी आणि विजेचा दाब ही दोन्ही जोडीने वापरतात, आणि उरलीसुरली भेसळ ४० च्या रेषेवरून हिशेबाने वजा करतात. ह्यानंतरही जुळवणी खरी ठरली की नाही हे पाहण्यास हवेसारखा दुसरा पंच नाही. शुद्ध केलेला हवेतील निऑन मोजावा, प्रमाण ९.८ च्या जवळ आले नाही तर दोष खडकात नसून बटणांत आहे. जवळ आले तरी जो लहानसा फरक उरतो तो उद्गमाचा स्वतःचा पक्षपात असतो, कारण उद्गमातील चुंबक हलक्या आयनांना जड आयनांपेक्षा थोडे अधिक वाकवितो. तो फरक लिहून ठेवून पुढील मापनांतून काढून टाकावयाचा.

मीटरवर न दिसणारा दाब

ह्या वीजपुरवठ्याची रचना फसवी आहे, आणि तिच्यापासून जिवाला धोका आहे, म्हणून तिच्याविषयी स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. तंतूला तापविण्यास तीनचार व्होल्ट पुरतात, इलेक्ट्रॉनांना ७० व्होल्ट लागतात, प्रतिसारक पट्टीला त्याहूनही थोडे. हे आकडे वाचून वाचकास वाटेल की ही सारी वीज घरगुती पुरवठ्यापेक्षाही सौम्य असणार. परंतु हे सर्व दाब पेटीच्या मानाने मोजलेले आहेत. आणि पेटी स्वतः जमिनीच्या मानाने ४,५०० व्होल्टवर बसलेली आहे. तंतूची तार, तिला प्रवाह पुरविणारे रोहित्र, सापळ्याचा प्रवाह दाखविणारे मंडल, ही सारी त्या उंचीवर अधांतरी तरंगत असतात. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा हात लागला तर त्याला ७० व्होल्टचा नव्हे, साडेचार हजारांचा धक्का बसेल. ह्यासाठीच रोहित्रांच्या वेटोळ्यांत जाड निरोधक असते, आणि बटणे निरोधक दांड्यांच्या टोकांशी लावलेली असतात. अलीकडच्या उपकरणांत तर आज्ञा प्रकाशतंतूंमधून पोचविल्या जातात. एखाद्या साध्या हातमीटरने तंतूचा दाब मोजू पाहणे हा आगीशी खेळ होय, कारण असे मीटर बहुधा १,००० व्होल्टपेक्षा अधिक दाबासाठी बनविलेले नसतात.

कळ बंद केल्यावरही धोका लगेच संपत नाही. दाब स्थिर राखण्यासाठी पुरवठ्यात जी धारित्रे असतात ती भरलेलीच राहतात. ४,५०० व्होल्टपर्यंत भरलेल्या एक मायक्रोफॅरडच्या धारित्रात सुमारे १० ज्यूल ऊर्जा साठलेली असते, आणि ती एका क्षणात शरीरातून गेली तर प्राणावर बेतू शकते. म्हणून काम संपविताना प्रथम तंतू हळूहळू थंड होऊ देतात, मग प्रवेगक दाब शून्यावर आणतात, मग मुख्य कळ बंद करून ठरलेला वेळ थांबतात. झाकण उघडल्यावर निरोधक मुठीची, जमिनीशी जोडलेली दांडी पेटीला आणि प्रत्येक धारित्राला टेकवितात, आणि हात लावण्याचे काम पुरे होईपर्यंत ती दांडी तेथेच अडकवून ठेवतात.